तेवीस बाटल्या, एकीवरही नाव नाही

बाबल,

तेवीस बाटल्या होत्या. तू गेल्यानंतर सहाव्या दिवशी मी त्या मोजल्या, आणि खात्री नव्हती म्हणून पुन्हा मोजल्या. परसातल्या मांगरात फळीवर सतरा, खाली गोणपाटावर सहा. रमच्या, बिअरच्या, व्हिनेगरच्या, दोन मधाच्या. सगळ्या धुतलेल्या, सगळ्या बुचं घट्ट मारलेल्या. एकीवरही काही लिहिलेलं नव्हतं.

बाराव्याला तुझ्या आवडीचं पान वाढायचं ठरलं होतं, आणि पानाशेजारी सुलभावहिनीला, तुझ्या बायकोला, एक पेला ठेवायचा होता. कुठल्याही दारूचा नव्हे. दोन वर्षांपूर्वी तू केलेल्या करवंदाच्या वाइनचा. ती या तेवीसमध्ये कुठेतरी होती. कुठे, हे फक्त तुला माहीत होतं, आणि तू सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसलास तो उठला नाहीस.

मी तुझ्यावर वैतागलेलो आहे. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सूर कुठे मऊ वाटला तर गैरसमज नको.

लेबल लाव, असं मी तुला तीन वर्षं सांगत होतो. फळाचं नाव आणि साल. दोन शब्द. एकदा मी मालवणातून चिकटपट्ट्यांचं पाकीट आणि काळं पेन घेऊनच आलो. त्या पट्ट्या तू घरातल्या चाव्यांना लावल्यास. आजही तुझ्या घरी गोठ्याच्या चावीवर 'गोठा' लिहिलेलं आहे, आणि गोठ्यात गुरं नाहीत.

"अरे मेल्या," तू म्हणालास, "लेबल वाचलंस की जीभ खोटा बोलूक लागता."

"आणि तू नसलास तर?"

"मी खंय जातंय?"

हे तुझं उत्तर. 

लेबलाबद्दलचं तुझं वैर जहाजावरचं. वीस-बावीस वर्षं तू प्रवासी जहाजांवर काढलीस, ताटं धुण्यापासून सुरुवात करून टेबलावर वाइन नेणारा झालास, आणि तिथे एकदा एका पाहुण्यानं बाटली परत पाठवली. तू तीच वाइन भारी लेबलाच्या दुसऱ्या बाटलीतून नेऊन ओतलीस आणि त्यानं तुझा हात हातात घेतला. ही गोष्ट तू मला चार वेळा सांगितलीस. दोनदा बंदर लिस्बन होतं, एकदा बार्सिलोना, एकदा नुसतंच 'थंयसर', तिथे कुठेतरी. पाहुणा आधी जर्मन होता, मग न्यायाधीश झाला. मी हे दाखवून दिल्यावर तू म्हणालास, "वाइन तीच होती ना? मगे झाला." वर्तमानपत्रात बातम्या तपासण्यात माझी हयात गेली. तुझी गोष्ट मी कधीच छापली नसती.

आता वहिनीची गोष्ट. ती तुला ठाऊक आहे, पण तिची बाजू नाही.

सहाव्या दिवशी तुझा दादा घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसला होता. पेल्याचा विषय निघाल्यावर तो म्हणाला, "बांद्यासून रमची क्वार्टर मागव आणि सोड. मेलेल्याक काय कळतला?"

"जितो होतो तेव्हा कळा होता ना?" वहिनी म्हणाली. "मगे बारा दिवसांत कसो इसारतलो?"

"तू स्वतः पिणस नाय, आणि बाटली शोधतस."

"पिणंय नाय. पण काट्यात हात माझे गेलेले."

मग तिनं मला मांगरात नेलं आणि दार लोटून घेतलं. त्या वर्षी मे महिन्यात तुझी कंबर धरली होती. करवंदं संपत आली होती. म्हणून ती एकटी वर कातळाच्या सड्यावर गेली, लागोपाठ तीन सकाळी. तिसऱ्या दिवसापर्यंत तिची बोटं इतकी फाटली, की करवंद देठापासून सोडवणं तिला जमेना. तिनं देठांसकट टोपली भरली. तू त्या दिवशी साखर आणायला कुडाळच्या बाजारी गेला होतास. फळ उन्हात राहून फुकट जाईल म्हणून तिनंच ती धुऊन, चेचून तुझ्या काचेच्या बुधल्यात घातली. देठांसकट.

तू आलास आणि ओरडलास. चिकानं सगळं मातेरं झालं, असं म्हणालास. दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीस. हे सगळं ती मला शांतपणे सांगत होती, बाटल्यांवरची धूळ पदरानं पुसत.

"मगे दिवाळीच्या आधी येक बाटली फोडल्यानी," ती म्हणाली. "माका हाक मारल्यानी. म्हणाले, 'सुलभा, आजपर्यंत केलंय त्यात ह्या सगळ्यात बरा.' माका खरा वाटूक नाय. ओरडले होते ना, म्हणान माका बरा वाटूचा यासाठी बोलले असतीत, असा वाटला. मी इचारूक नाय. त्येंनी परत सांगूक नाय."

तिनं पुसलेली बाटली परत फळीवर ठेवली.

"भावजी, ती बाटली माका पानार ठेवूची आसा. पण त्याच्या आधी तुमी ती चाखा आणि माका सांगा. ते खरा बोलले काय खोटा. तुमच्यासारख्या जिभेचो माणूस दुसरो नाय, असा ते सगळ्यांका सांगायचे. आणि माका खोटा सांगू नकात."

बाबल, इथे मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी तुझ्या हयातीत सांगायला हवी होती.

माझी जीभ तयार झालेली नाही. कधीच नव्हती.

आपले बुधवार आठव. दुपारी चार वाजता, मांगरात. तुझे नियम: जेवणात मासे नाहीत, तंबाखू नाही, माझं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. बुधवारी माझ्या घरी बांगड्याचं तिखलं शिजायचं, मी त्याच्या वासात वरण-भात जेवायचो आणि उन्हातून तुझ्याकडे चालत यायचो. तू तीन बाटल्यांना फडकं गुंडाळून ठेवलेलं असायचं. जहाजावरून आणलेले देठाचे पेले दोनच शिल्लक होते, तिसरी वाइन चहाच्या ग्लासात. मी वास घ्यायचो, घोट तोंडात घोळवायचो, करवंटीत थुंकायचो आणि वहीत लिहायचो: पहिली जांभूळ, दुसरी रातांबा, तिसरी करवंद. तू फडकी काढायचास. बहुतेक वेळा बरोबर यायचं. तुझा चेहरा उजळायचा.

तुझा डावा हात बघून मी लिहायचो. करवंदाचा पेला ठेवताना तो हात पेल्याच्या बुडाशी जरा जास्त वेळ राहायचा. जांभूळ तू सरळ ठेवायचास. रातांबा तुला स्वतःलाच पटलेला नव्हता, म्हणून तो पेला तू माझ्याकडे ढकलायचास. हे मला दुसऱ्याच बुधवारी समजलं. समोरच्या माणसाला वाचायची सवय होती, ती तिथे कामी आली. नंतर सांगायचं राहिलं, आणि मग फार उशीर झाल्यासारखं वाटलं. तुला हे कळलं होतं का, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंनी पुरावा अपुरा आहे.

पण तू मला काहीच शिकवलं नाहीस, असंही नाही. तुझ्याआधी चाळीस वर्षं मी प्यायलो: माडी, कार्यालयातल्या निरोप समारंभांची बिअर, कुणी गोव्यातून आणलेली फेणी. सगळं गिळलं. तोंडात थांबवायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. आता पेजेची वाटी तोंडाजवळ नेली तरी मी आधी वास घेतो. बायको विचारते, "काय झाला? आंबली काय?"

आणि शब्दांवरून आपण किती भांडलो. तू जहाजावरचे शब्द घेऊन आला होतास. जांभळाच्या वाइनला ब्लॅकबेरीचा वास आहे म्हणालास.

"ब्लॅकबेरी खाल्ली आहेस?" मी विचारलं.

"नाय. वास घेतलंय."

"कुठे?"

"वाइनीत."

असल्या साक्षीवर मी काही लिहिणार नाही, असं मी सांगितलं. मग तू चिडून फडक्यानं पेला पुसायला लागलास आणि म्हणालास, मग तूच सांग. मी पुन्हा वास घेतला आणि जे होतं ते सांगितलं: भिजलेलं सुंभ. उकडलेल्या आठळ्यांच्या टोपाचं झाकण उघडल्यावरची पहिली वाफ. तू हसलास, इतका की पेला खाली ठेवावा लागला. पण त्यानंतर तू ब्लॅकबेरी म्हणाला नाहीस. पुढच्या बुधवारी काजूच्या बोंडूच्या वाइनबद्दल स्वतःहून म्हणालास, "न्हाणीघरातली चूल इझल्यार येता तसो वास आसा." मी ते लिहून घेतलं. वह्या माझ्याकडे आहेत. तीन. त्यांत चव आहे, वास आहे, तारीख आहे. कोणती बाटली, एवढं नाही.

तर, ज्या माणसाला तुझा हात बघितल्याशिवाय जांभूळ आणि करवंद वेगळं ओळखता येत नाही, त्याला तुझ्या बायकोनं निवाडा करायला बसवलं. मी तिला तिथेच खरं सांगायला हवं होतं. मी "बघतो" म्हणालो.

त्या संध्याकाळी वह्या काढल्या. वहिनीचं बोलणं चालू असताना मला काहीतरी खटकलं होतं, पण नेमकं काय ते लक्षात येत नव्हतं. दुसऱ्या वहीत ते सापडलं. गेल्या वर्षीचा एक बुधवार. तू म्हणालास, "फुडल्या वर्षी करवंदा देठांसकट घालून बघतलंय. जहाजार ऐकलेला. काय काय लोक द्राक्षांचे देठ मुद्दाम ठेवतत. त्यान वाइनीक कणो येता." मी विचारलं, ही कल्पना कुठून आली? तू म्हणालास, "माझ्या डोक्यातसून. आणि खंयसून?" मी लिहून घेतलंय: 'बाबलची नवी कल्पना. देठांसकट.'

मी वही मिटली. तू कधी खोटं बोललास, हे शोधायला मी निघालो होतो. ते सापडलं, पण भलत्याच ठिकाणी.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. बाटल्या उजेडात धरून काजूच्या आणि अननसाच्या पाच वेगळ्या काढल्या. उरल्या अठरा, सगळ्या काळपट लाल. बुधल्यातून एका वेळी भरलेल्या बाटल्या निदान एकत्र ठेवल्या असत्यास तरी चाललं असतं. पण बुधवारच्या परीक्षेसाठी तू त्या मुद्दाम मिसळून ठेवल्या होत्यास. शिवाय बाटली फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि फोडली की ती आठवड्याभरात आंबट होते. म्हणजे शोधायचं तर तुझं कामच नासवायचं. याचाही विचार तू केला नव्हतास.

पहिल्या दुपारी पाच फोडल्या. दादा दाराशी येऊन उभा राहिला. मी घोट घेतला, घोळवला आणि करवंटीत थुंकलो.

"थुकतस?" दादा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "मेल्या, थुकतस?"

"चाखताना थुंकायचं असतं."

"मगे बाटली खंय टाकतलस?"

"टाकणार नाही."

"हाड हयसर," म्हणाला, बाटलीसाठी हात पुढे केला, आणि खुर्ची मांगरात घेऊन आला. तीन दुपारी तो माझ्याशेजारी बसून फोडलेल्या बाटल्यांचा समाचार घेत होता. प्रत्येकीबद्दल त्याचं एकच मत होतं: "ही बरी आसा." रमच्या क्वार्टरचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

पाच झाल्या, दहा झाल्या. मला काहीही कळत नव्हतं. गोड, आंबट, जरा जास्त आंबट. एक तर निव्वळ व्हिनेगर झाली होती, तीही दादाला बरी वाटली. पेला ठेवायला समोर कुणाचा हात नव्हता. तुझा मला इतका राग कधी आला नव्हता, आणि माझाही. वहिनी दर थोड्या वेळानं चहाच्या निमित्तानं यायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता जायची.

तिसऱ्या दुपारची तिसरी, म्हणजे तेरावी. मधाची बाटली होती. घोट घेतला आणि जीभ टाळूला चिकटली. लहानपणी सड्यावर हिरवं करवंद फोडून चाटलं, की चीक ओठांवर बसायचा आणि तोंड आवळून जायचं, तसं. त्यासाठी शिकायला लागत नाही. इथल्या कुठल्याही पोराला ते कळतं. मी थुंकायला करवंटी उचलली आणि थांबलो. तो आवळ हळूहळू सैल झाला, आणि त्याच्या मागून गोडी आली. आधी नव्हती. उशिरा आली, आणि गेली नाही. बाकीच्या बारा बाटल्यांची चव थुंकल्याबरोबर संपली होती. मी तो घोट गिळला. दुसरा घेतला नाही, कारण मला मोजायचं होतं. तुझ्या मांगरापासून माझ्या घराची पायरी अकरा मिनिटांवर आहे. मी घरी जाऊन आलो. परत येईपर्यंत ती गोडी तोंडात होती.

मला वाइन कळत नाही. पण किती वेळ टिकली, हे सांगता येतं.

वहिनी चुलीशी होती. मी म्हटलं, "सापडली. बाबल खरं बोलला होता."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "कशावरसून?"

मी तिला सगळं सांगितलं. आवळ, उशिरा येणारी गोडी, अकरा मिनिटं जायला आणि अकरा यायला. ते देठांमुळे झालं होतं, हे सांगितलं. वही नेली होती, ती उघडून तुझं वाक्य वाचून दाखवलं: कण्याचं, जहाजाचं आणि स्वतःच्या डोक्याचं. मग बुधवारांबद्दलही सांगितलं, तुझ्या डाव्या हाताबद्दल. कारण तिनं खोटं सांगू नका म्हटलं होतं, आणि अर्धं खरं सांगून भागणार नव्हतं.

माझ्या कबुलीकडे तिनं लक्ष दिलं नाही. ती वहीकडे बघत होती.

"म्हणजे त्येंका कळला होता," ती म्हणाली. "देठांनीच बरी झाली, ता त्येंका कळला होता."

"हो."

"आणि तुमका सांगल्यानी, त्येंच्या डोक्यातसून इला म्हणान."

"हो."

"आणि माका येक शबूद नाय."

"नाही."

ती उठली आणि भांडी लावायला लागली. भांडी फार जोरात वाजत होती. मग तिनं पाठ न वळवता विचारलं, "ता वहीत कोणाच्या नावार आसा?"

मी तिथेच बसून 'बाबलची' खोडलं आणि 'सुलभाची' लिहिलं. 'नवी कल्पना' तेवढी राहू दिली. इतक्या वर्षांत मी कित्येक चुका दुरुस्त केल्या, पण ज्याची चूक होती तो असा निसटून गेलेला यापूर्वी कधी पाहिला नव्हता. तिला एकदा 'तुझ्यामुळे झालं' म्हणायला तुला काय कमी पडत होतं? शब्दांवरून माझ्याशी तासन्‌तास भांडायचास. हे दोनच शब्द होते, आणि तू हयात असताना तिला ते लाखाचे वाटले असते. सांगशील, असं मनात असेल. पुढची करवंदं यायची होती. तुझ्या सगळ्याच गोष्टी पुढच्या वर्षी व्हायच्या होत्या.

बाराव्याच्या दिवशी पान वाढलं. तुझ्या आवडीचं सगळं होतं: वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. माणसं खळ्यात होती, दादा गुरुजींशी बोलत होता. जहाजावरच्या दोन पेल्यांपैकी एक वहिनीनं धुऊन, पुसून आणला. मधाची बाटली तिनं कुणाला हात लावू दिली नाही, स्वतः ओतली. पेला पानाशेजारी ठेवायला ती वाकली आणि तशीच थांबली. मग तिनं तो उचलून नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि एक घोट घेतला. पस्तीस वर्षं वाइन करणाऱ्याच्या, वाइन वाहणाऱ्याच्या घरात राहून पहिला घोट.

तिचं तोंड वाकडं झालं. डोळे मिटले.

"ह्या?" ती तुझ्या पानाला म्हणाली. "ह्येच्यासाठी माझे हात फाडून घेतलंय?"

 गोडी यायला वेळ लागतो, हे मी तिला आधीच सांगितलं होतं.

ती तशीच उभी राहिली, पेला हातात धरून. बाहेरून दादानं विचारलं, झाला काय?  मग तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. तिनं पेला खाली ठेवला नाही. तिनं दुसरा घोट घेतला.